इतर व्यक्तींनी खाल्लेलं

सदतीस क्रमांकाच्या घरातल्या श्रद्धाचं हिमोग्लोबिन आठ पूर्णांक एक होतं, आणि तिच्या तोंडून मी लिहून घेतलेला आहार खरा मानला तर ते इतकं कमी असायला काही कारण नव्हतं.

२००६ साल होतं. हिंजवडीच्या जुन्या गावठाणातली बासष्ट घरं मी पीएच.डी.साठी निवडली होती. पंधरा ते एकोणपन्नास वयाच्या बायका काय खातात आणि त्यांच्या रक्ताची स्थिती काय, एवढाच प्रश्न. कोथरूडहून स्कूटीवर निघायचं, चांदणी चौकातून बायपासला लागायचं आणि कंपन्यांच्या बसगाड्यांच्या मागे रखडत गावात शिरायचं. पद्धत ठरलेली होती. प्रत्येक घरातली एक बाई घ्यायची आणि काल दिवसभरात तिने काय खाल्लं ते तिला आठवायला लावायचं. माझ्या पिशवीत तीन मापांच्या स्टीलच्या वाट्या, एक पळी आणि पुठ्ठ्याच्या कापलेल्या लहानमोठ्या भाकऱ्या असायच्या. बाईने वाटीवर किंवा पुठ्ठ्यावर बोट ठेवायचं, मी आकडा लिहायचा.

श्रद्धाने भराभर बोटं ठेवली होती. सकाळी चहा-चपाती. दुपारी दोन भाकरी, मटकीची उसळ, भात. संध्याकाळी पुन्हा दोन भाकरी, मेथी, वरण. एक पेला दूध. ती एकवीस वर्षांची होती, पौडकडची, लग्नाला दीड वर्ष झालेलं, आणि तिला सहावा महिना होता. उत्तर देताना ती माझ्याकडे न बघता दाराकडे बघत होती. दारात तिची सासू कांताबाई सुपात तांदूळ निवडत बसली होती. निवडता निवडता चार दाणे तोंडात टाकायची, चावायची, पुन्हा चार.

"दूध सांगितलंस का?" कांताबाईंनी विचारलं.

"सांगितलं, आत्या."

"मॅडम, नीट लिवा. डॉक्टरीण म्हनली, रक्त दहाच्या वर गेलं नाय तर बाळातपन हितं करनार नाय, मोठ्या दवाखान्यात न्या, रक्ताची बाटली तयार ठेवा. ह्या पोरीला आई नाय वो. पयलं बाळातपन माह्यारी असतंय, पन हिला माह्यार म्हंजी मीच. काय इपरीत झालं तर लोक मला इचारतील."

घर खाऊन-पिऊन सुखी होतं, हेही लिहायला हवं. जमीन कंपनीत गेल्यावर त्यांनी दोन मजले चढवले होते. वरच्या खोल्यांत सॉफ्टवेअरवाली मुलं भाड्याने राहात. कांताबाईंचा मुलगा ज्ञानदेव याने दोन गाड्या कंपनीला लावल्या होत्या. स्वयंपाकघरात ओट्यावर मिक्सर होता आणि कोपऱ्यात गव्हाची दोन पोती.

माझ्या मार्गदर्शक विजयमालाबाईंनी श्रद्धाचा फॉर्म आणि रक्ताचा आकडा शेजारी शेजारी ठेवून पाहिला.

"या दोन कागदांपैकी एक खोटं बोलतोय."

"रक्त मी दोनदा तपासलंय."

"रक्ताबद्दल शंका नाही. रक्ताला सासू नसते." त्यांनी चष्मा काढला. "तिने काय खाल्लं ते तुला सांगितलेलंच नाही. घरात काय शिजलं ते सांगितलंय. आपल्या बायकांना यातला फरक कळत नाही, आणि चार वर्षं शिकून तुलाही कळलेला नाही, असं दिसतंय. वजनकाटा घे, तीन दिवस त्या घरात बस आणि तोल."

तोलून घेण्याची पद्धत कंटाळवाणी पण सोपी असते. शिजवण्याआधी रिकामं पातेलं तोलायचं, शिजल्यावर भरलेलं. मग ज्याच्या त्याच्या ताटात वाढताना तोलायचं आणि शेवटी जे उरेल ते तोलायचं. निवडलेली बाई आणि पुरुष यांचे रकाने वेगवेगळे. शेवटच्या रकान्याचं नाव होतं 'इतर व्यक्तींनी खाल्लेलं'. ते तोलत नाहीत. एकूण वजनातून बाकीचं वजा केलं की ते आपोआप मिळतं.

पहिल्या दिवशी कांताबाईंचे यजमान हिंदुराव जेवायला बसले आणि मी त्यांची भाकरी काट्यावर ठेवली.

"किलोवर इकताय व्हय मॅडम? भाव काय लावला?"

"फुकट आहे," मी म्हटलं.

"मंग दोन ठेवा."

हिंदुराव आणि ज्ञानदेव जेवून बाहेर गेले. मग कांताबाईंनी श्रद्धाचं ताट वाढलं. दोन सबंध भाकरी, उसळीची वाटी काठोकाठ, वर कांदा.

"लिवा मॅडम. दोन भाकरी. श्रद्धे, संपीव."

"आत्या, पोट फुटंल."

"फुटू दी. आत जे हाय ते बाहीर येईल, सुटशील."

श्रद्धा हसली आणि खाऊ लागली. मी पाहात होते. ती आधी सावकाश आणि मग अशा वेगाने खात गेली की कांदाही तिने शेवटच्या पाकळीपर्यंत संपवला. ताट तिने बोटाने पुसून घेतलं. रोज दोन भाकरी खाणारी बाई अशी जेवत नाही, एवढं मला पुस्तकाबाहेरही समजत होतं. म्हणजे काटा ठेवल्यामुळे तिला आज पोटभर मिळत होतं. माझी नोंद त्यामुळे बिघडणार होती, पण खरं सांगायचं तर मला आत कुठेतरी बरं वाटलं. काटा आहे तोवर ही मुलगी जेवेल. तीन दिवसांचे सहा दिवस करावेत, असंही मनात आलं.

कांताबाई कधी जेवल्या ते मी पाहिलं नाही. मी पातेली तोलत होते. त्या ओट्याकडे तोंड करून उभ्या होत्या, कढईतच काहीतरी कालवत होत्या. माझ्या दृष्टीने त्या या अभ्यासात नव्हत्याच.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी कोथरूडच्या घरी मी आकडे मांडायला बसले. श्रद्धाचा रकाना छान भरला होता. पुरुषांचा नेहमीसारखा. शेवटचा रकाना संगणकाने वजाबाकी करून दिला आणि मी चहाचा कप खाली ठेवला.

पहिला दिवस, दोन्ही वेळ मिळून: सव्वा भाकरी, दोन पळ्या उसळ, मूठभर भात. दुसरा दिवस: एक भाकरी, वरणाचं तळाचं पाणी, खरवडलेला भात. तिसरा दिवस: पाऊण भाकरी, भाजी नाही. चहातली साखर धरूनही सातशे कॅलरीच्या वर आकडा जाईना.

मला वाटलं, काटा बिघडला. एक किलोचं वजन ठेवून पाहिलं, बरोबर होतं. रिकाम्या भांड्यांची वजनं पुन्हा वजा केली. आकडा तोच आला. मग मी कागदावर हाताने मांडणी केली, कारण हाताने केलेल्या बेरजेवर माझा अजूनही जास्त विश्वास आहे. पुरुषांच्या ताटातलं एक ग्रॅमही कमी झालं नव्हतं. शिजवलेलं एकूण अन्नही वाढलं नव्हतं; तिन्ही दिवस पिठाचं वजन जवळजवळ सारखं. मग श्रद्धाच्या ताटात वाढलेली भाकरी कुठून आली, याचं एकच उत्तर उरत होतं.

कांताबाईंचं वय मी विचारलंच नव्हतं. फॉर्मवर 'सासू' असं लिहिलं होतं आणि पुढची जागा कोरी होती.

दुसऱ्या दिवशी मी काटा घरीच ठेवला आणि गेले. श्रद्धा कपडे वाळत घालायला गच्चीवर गेली होती. कांताबाई जिना चढून वर निघाल्या होत्या, चौथ्या पायरीवर बसल्या होत्या.

"दम लागला वो. ह्ये जिनं बांधलं आन् माझं गुडघं गेलं."

"वय काय तुमचं, कांताबाई?"

"आता कुनाला ठावं. ज्ञानदेव झाला तवा सोळा हुते. त्येला पंचीस झाली."

एकेचाळीस. मी तिला म्हातारी समजत होते. तिच्यापेक्षा चौदा वर्षांनी मोठ्या असलेल्या विजयमालाबाई रोज सकाळी टेकडी चढत.

"पाळी येते अजून?"

तिने आजूबाजूला पाहिलं. "येती तर. सात सात, आठ आठ दिस जाती. वयच हाय म्हनत्यात."

मी पिशवीतून हिमोग्लोबिन तपासायचं, हातात मावणारं यंत्र काढलं आणि तिचं बोट मागितलं. "माझं कशाला? माझ्या पोटात कोन हाय?" ती म्हणाली, पण बोट पुढे केलं. सुई टोचल्यावर रक्त यायला वेळ लागला. बोट खालून दाबावं लागलं. नखं पांढुरकी आणि मधे खोलगट होती. इतक्या दिवसांत ती तांदूळ निवडताना मी ती नखं रोज पाहिली होती, आणि तोंडात जाणारे कच्चे दाणेही. रक्तात लोह फार कमी झालं की असलं काहीतरी चघळावंसं वाटतं, हे मी विद्यार्थिनींना शिकवते.

सहा पूर्णांक नऊ.

"किती आलं?"

"श्रद्धापेक्षा कमी."

"मंग ठीक हाय," कांताबाई म्हणाल्या. त्यांना खरंच तसं वाटत होतं.

आम्ही स्वयंपाकघरात बसलो. मला जे विचारायचं होतं ते साधं होतं, पण नीट विचारता येईना. घरात गव्हाची पोती आहेत, ज्वारी आहे, मग पीठ जास्त का मळत नाही?

तिने ओट्याखालून पितळी परात काढली. "सासूनं घालून दिलंय. ह्या परातीत सा वंजळी पीठ. श्रद्धा आली तवा एक मूठ वाढीवली. घराचं माप हाय ते."

"सासूबाईंच्या वेळी किती माणसं होती?"

"अशीच. चार-पाच."

"मग तेव्हा तुम्हाला पुरायचं?"

"पुरायचं म्हंजी? तवा आमी घरात कुठं खात हुतो?" तिला माझा प्रश्न विचित्र वाटला असावा. "सकाळी भाकरीचा कुटका फडक्यात बांधायचा आन् रानात जायाचं. खुरपायला बसलं की हाताखाली पाथरी आली, तोडली, खाल्ली. करडीचा पाला. कांद्याची पात. हरभरा आला की घाटं. तुरीच्या शेंगा उकडायच्या, भुईमूग उपटला की दिसभर तोंड चालूच. पावसाळ्यात वढ्याला खेकडं. घरी येईस्तवर भूक कुनाला? संध्याकाळी उरलंसुरलं खाल्लं काय, न खाल्लं काय."

"हे सगळ्याच बायकांचं?"

"समद्या. आमच्या सासूचं पन. गडी मानूस घरी जेवतो, बाईमानूस रानात. असंच हाय." तिने परातीच्या काठावरून हात फिरवला. "हुतं."

मी वही उघडली होती पण लिहिलं काही नाही. त्या परातीतलं माप बायकांसाठी कधी नव्हतंच. त्यात त्यांच्यासाठी नुसतं उरलेलं असायचं, आणि बाकीचं पोट बांधावर भरायचं. मग जमीन गेली. तिचे पैसे आले, जिना आला, गव्हाची पोती आली. परातीतलं माप कुणी बदललं नाही, कारण त्यात काही कमी होतं हे कुणाला माहीतच नव्हतं. बांधावर खाल्लेलं कधी कुणी मोजलं नव्हतं. मी बासष्ट घरांत वाट्या नाचवत फिरले, पण शेतात काय खायचात, हा प्रश्न माझ्याही फॉर्मवर नव्हता.

"जमीन गेल्यापासून दम लागतो का?" मी विचारलं.

"तवापास्नंच. मला वाटलं, काम नाय म्हनून अंग जड झालंय."

हिंदुराव तेवढ्यात पाणी प्यायला आत आले. परात मध्ये पाहून म्हणाले, "आता परात तोलताय? मॅडम, एक इनंती हाय. आमच्या घरात खायला कमी हाय असं कुठं लिवू नका. गावात नाव हाय आपलं."

"कमी नाही, हिंदुराव. घरात भरपूर आहे. ते शिजत नाही." मी अशी बोलत नाही. संशोधकाने घरातल्या माणसांना काही सुचवायचं नसतं, तो पहिला नियम आहे. "चार माणसांच्या घरात तीन माणसांचा स्वयंपाक होतो. आधी श्रद्धा उपाशी राहायची. मी काटा घेऊन आले तेव्हापासून कांताबाई राहतात."

हिंदुरावांनी बायकोकडे पाहिलं. "खरं काय गं?"

"मला लागतच नाय."

"तू भाकरी कमी का थापती? तुला कोन नको म्हनलं?"

"कुनी नाय," कांताबाई म्हणाल्या.

ते खरंच होतं. कुणीच नको म्हटलं नव्हतं. हिंदुराव तांब्या हातात धरून उभे राहिले. कुणावर रागवावं ते त्यांना ठरवता आलं नाही. "मंग थाप की दोन जास्त," असं ते भिंतीला म्हणाले आणि बाहेर गेले.

कांताबाईंचा चेहरा उतरला होता. "मॅडम, त्यास्नी सांगायला नको हुतं. सून काय म्हनंल? सासू खादाड झाली, स्वतासाठी पीठ मळती."

"तुम्ही तुमची भाकरी तिला दिलीत म्हणून तिचं रक्त दहाच्या वर जाणार नाही."

हे मात्र तिला लागलं. "का नाय?"

मी तिला समजावून सांगितलं, श्रद्धाला खाली बोलावून तिच्यासमोर. आठवरून दहावर जायला भाकरी पुरत नाही, डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या लागतात. श्रद्धाने सांगितलं की गोळ्या ती रोज घेते, सकाळच्या चहाबरोबर. चहाने त्यातलं बरंचसं लोह वाया जातं. गोळी जेवणानंतर तासाभराने, लिंबाच्या पाण्याबरोबर घ्यायची. आणि कांताबाईंनी उद्याच्या उद्या त्याच डॉक्टरांकडे जायचं. आठ आठ दिवस पाळी जाणं हे वयाचं नाही, दाखवायचं असतं. नुसत्या कमी जेवणाने रक्त सहा पूर्णांक नऊवर उतरत नाही. पण जेवणाशिवाय ते वरही येणार नाही.

श्रद्धा ऐकत होती. मग एकदम म्हणाली, "आत्या, तीन दिस तुमी माझ्या ताटात तुमचं घालत हुता?"

"गप बस. तुला काय करायचंय?"

"मला वाटलं मॅडम आल्यात म्हनून जास्त केलंय." तिचे डोळे भरले होते आणि ती चिडलीही होती. "मी कांदासुदिक ठेवला नाय वो!"

विजयमालाबाईंना मी सगळं सांगितलं. त्यांनी मधे एकदाही अडवलं नाही, ही वाईट खूण असते.

"प्रबंध लिहिते आहेस की भाकऱ्या थापते आहेस?"

"ते घर वगळावं लागेल. मी हस्तक्षेप केला."

"वगळ. तसं स्पष्ट लिही, कारणासकट." त्यांनी घरांची यादी पुढे ओढली. "आणि बाकीच्या घरांतल्या ज्या बायकांना आपण सासू म्हणून सोडून दिलं, त्यांची वयं विचारून ये. सोळाव्या वर्षी लग्नं झालेल्या बायका आहेत त्या, दीपाली. एकोणपन्नास व्हायला त्यांना अजून वेळ आहे. वयाची मर्यादा मी घातली आणि मग सासू हा शब्द ऐकून मीच ती विसरले. हे माझ्या नावावर लिही."

एकसष्ट घरांत अशा बावीस निघाल्या. ते सगळं पुढे प्रबंधात आलं, त्यातला शेतात खाण्याचा भागही, जेवढा आठवणीतून मिळू शकला तेवढा.

सदतीस क्रमांकाच्या घरी मी पाच आठवड्यांनी गेले, अभ्यासासाठी नव्हे. श्रद्धाचं हिमोग्लोबिन नऊ पूर्णांक सात झालं होतं आणि डॉक्टरीण म्हणाली होती, असंच वाढत राहिलं तर इथेच करू. कांताबाईंचं आठ पूर्णांक दोन. त्यांच्या गर्भाशयात लहानशी गाठ सापडली होती, तिच्यावर औषध चालू होतं. त्या अजून जिन्यात बसत, पण सातव्या पायरीवर.

दुपार होती. पुरुष जेवून गेले होते. टोपलीत भाकऱ्यांची चळत होती. किती होत्या ते मी मोजलं नाही. श्रद्धा आठव्या महिन्याचं पोट सांभाळत पाटावर बसली आणि तिने समोर दुसरं ताट मांडलं.

"आत्या, बसा. मॅडम, तुमी पन."

कांताबाई बसल्या. ताट समोर घेऊन बसायची सवय नसल्यासारख्या बसल्या, एक गुडघा वर, अर्ध्या उठलेल्या.

"किती वाढू?" श्रद्धाने विचारलं.

"वाढ जे ऱ्हाईल..." म्हणता म्हणता त्या थांबल्या. मग माझ्याकडे वळल्या. "मॅडम, एका मानसाला किती लागत्यात वो?"

त्यांची उंची, वजन, काम, सगळं मला माहीत होतं. तक्ता माझ्या डोक्यात होता. "तुम्हाला किती हव्यात?" मी विचारलं.

त्यांनी खरोखर विचार केला. चुलीपुढे सव्वीस वर्षं काढलेली बाई, पण हे तिला कधी कुणी विचारलं नव्हतं, तिनेही नाही.

"म्हाईत नाय," त्या म्हणाल्या. "एक दी. मग सांगते."

एक भाकरी त्यांनी सावकाश संपवली, उसळीबरोबर, कांद्याबरोबर. मग हात ताटातच ठेवून थोडा वेळ तशाच बसून राहिल्या. श्रद्धा खायची थांबली होती.

"अर्धी दी," कांताबाई म्हणाल्या.

श्रद्धाने भाकरी मोडायला घेतली.

"ऱ्हाऊ दी. मोडू नको. सबंद दी."